लुगड्याआड

अमरावतीच्या त्या इमारतीत एकट्यानं राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्यांनाच खोली मिळायची. "एकदा जरी पडली तं अकोल्याले नेईन," लेकानं सुंदराबाईला आधीच बजावलं होतं. आणि ती कालच न्हाणीत घसरली होती. आज तो अचानक आला, तशी सुजलेला पाय लुगड्याखाली लपवून ती पलंगावरच बसली. शेजारीण येऊन पायाचं विचारेल, म्हणून जीव टांगणीला. "चहा नाई ठेवत, माय?" "आज तूच ठेव. बायकोले करून देतं, मले काहून नाई?" तो हसला. चहा झाला, गप्पा झाल्या, तरी तिचे डोळे दाराकडेच. शेवटी तो उठला आणि नेहमीसारखा पाया पडायला वाकला. तिनं पाय आखडायच्या आतच त्याचा हात सुजेवर पडला. मग त्यानं लुगड्याचा काठ हळूच पायावर ओढला. "आंबेहळद लावजो, माय. रविवारी इथंच येतो."