सुपामागचा पंजा

चुडामण नाना नेहमीसारखा भिंतीकडे पाठ करून जेवायला बसला.

त्या भिंतीवर एक सूप टांगलेलं होतं आणि सुपामागे चुन्याचा एक पांढरा पंजा होता. पौषात आग लागली तेव्हापासून नानानं त्या भिंतीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

"काय नाना," समोरून सुपडू गाडीवान म्हणाला, "आज धुराडं झाडेल शे, का नुसता पंजाच मारेल शे?"

दोघंतिघं हसले. नाना ताटावर आणखी वाकला.

"सुपडू, गुमान जेव," चुलीपाशी बसलेली धुरपदाबाई म्हणाली.

"मनी कापूसनी गाडी जळनी, अक्का! पंजा देखीसनच मी बैल सोडात ना?"

 धुरपदाबाईनं नानाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तिची खाणावळ शिंदखेड्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे निघाल्या की तिथे थांबायच्याच. चूल जंगी, लाकडं ओली, धुराडं विटांचं. ओल्या लाकडांच्या धुरानं आत डांबरासारखी काजळी धरते आणि ती पेटली की धुराडं तोफेसारखं ठिणग्या उडवतं. आणि बाहेर उभा कापूस! म्हणून नाना दर महिन्याला छपरावर चढायचा, बाभळीच्या काट्यांचा जुडगा दगडासकट दोरीला बांधून धुराड्यात सोडायचा आणि खालीवर ओढून काजळी खरवडायचा. एकदा म्हणे त्या काजळीत त्याचा पांढरा बैल लोळला, तर हा आपला नव्हेच म्हणून नानानं सबंध दिवस त्या बैलाला त्याच्याच गोठ्यात शिरू दिलं नाही.

काम झालं की नाना खाली यायचा. तोवर धुरपदाबाईनं भिंतीवरचा जुना पंजा पोतेऱ्यानं पुसलेला असे आणि चुना कालवून ठेवलेला असे. नाना उजवा हात चुन्यात बुडवायचा आणि चुलीवरच्या भिंतीवर उमटवायचा. ताजा पंजा दिसला तरच गाडीवान बैल सोडत, नाहीतर पुढच्या गावी जात; आगीनंतर मात्र गाड्या लांब सोडून जेवायला येत.

नाना मोठा गप्पिष्ट. तरुणपणी धुळ्याच्या एका जिनात होता, तिथे त्याच्या उजव्या हाताची करंगळी यंत्रानं नेली. तो सांगे, "कापूसनी गाठीत बांधाईसनी ती विलायतले गयी. आते एखादा सायेबना सदरामा बसेल व्हई, नि त्याले आतून गुदगुल्या करत व्हई." गाडीवान हसून हसून ताटावर ओणवे होत.

आता तो काहीच सांगत नसे.

पौषातल्या त्या दिवशी त्याला हिवताप भरला होता. जुडगा खांद्यावर टाकून घरून निघाल्याचं त्याला आठवत होतं. पुढचं काही नाही. शुद्धीवर आला तो आपल्याच खाटेवर, तिसऱ्या दिवशी. जुडगा अंगणात पडला होता आणि त्याच्या काट्यांवर काजळीचा कणही नव्हता. तोवर धुरपदाबाईचं छप्पर जळून गेलं होतं, सुपडूची गाडी कापसासकट राख झाली होती आणि त्याच्या एका बैलाची पाठ भाजली होती. भिंत तेवढी उभी होती. भिंतीवर ताजा पंजा होता, तो सगळ्यांनी पाहिला होता.

म्हणजे तापाच्या भरात आपण धुराडं झाडलंच नाही, नुसता पंजा मारून घरी गेलो. नानाला दुसरा अर्थ लागेना.

तो काठी टेकत माफी मागायला आला, तेव्हा भिंतीवर सूप टांगून झालं होतं.

"नाना, तुमले लाज नको," धुरपदाबाई खाली बघत म्हणाली होती. "तुमनी काही चूक नही. जेवा."

तेव्हापासून ती त्याला रोज बोलावून जेवू घालत होती आणि रोज तेच म्हणत होती. एवढी भली बाई, आणि आपण तिच्याच भिंतीवर खोटा हात उमटवला! नानाला वाटे, चुलीतल्या राखेत तोंड लपवावं.

गाडीवान उठून गेल्यावर त्यानं धीर केला.

"अक्का, उद्या आखाजी शे. लेकी येतीन, मांडा व्हतीन, चूल दिनभर चाली. मले एकदा धुराडं झाडू दे."

धुरपदाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"नको नाना. त्या भिंतले हात नका लावू."

"मना कामवर भरोसा नही ना?"

"तसं नही, नाना..." ती उठून आत गेली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी मांडे सकाळीच आटोपले. दुपारी बायका लिंबाखाली झोक्यावर गाणी म्हणायला गेल्या. लेकींनी ओढत नेलं म्हणून धुरपदाबाईही गेली. चूल थंड झाली होती.

नाना नव्या छपरावर चढला. बाभळीचा जुडगा धुराड्यात सोडला आणि दंड भरून येईतो खालीवर ओढला. काजळी ढपल्यांनी खाली पडली. आत विटेची लाली दिसेपर्यंत तो थांबला नाही. खाली येऊन त्यानं काजळी भरून टाकली, हात धुतले, चुना कालवला.

त्यानं ठरवलं होतं, जुना पंजा पुसायचा नाही. त्या लबाडीवरच खरा हात ठेवायचा, बरोबर तिच्या मापानं. ती झाकली गेली की मग सुपाचं काम नाही.

मान खाली ठेवूनच त्यानं सूप काढलं. तशाच खालच्या मानेनं भिंत चाचपली. जुन्या चुन्याचा खरबरीत अंगठा बोटाला लागला. त्यावर त्यानं आपला अंगठा नेमका बसवला, हात दाबला आणि उचलला.

मग चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मान वर केली.

अंगठा झाकला होता. तीन बोटं झाकली होती. जुन्या पंजाची करंगळी तेवढी उघडी राहिली होती.