एका पावसाचा रंग

बाराव्या गळाची फिरकीही जाम निघाली, तेव्हा सलीमनं पकड ओट्यावर आपटली. शेजारी चपात्या करणाऱ्या दिलशादनं लाटणं आपटलं. फरक इतकाच, की त्याचा राग फिरकीवर होता आणि तिचा त्याच्यावर.

आठ दिवस घरात हेच चाललं होतं. पौडच्या बाजारात सलीमचं गेट-ग्रिलचं दुकान. गेटांना रंग म्हणून मारून उरलेली नारिंगी पावडर त्यानं घरी आणली आणि दिलशादच्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. गळाच्या दांडीवर बोराएवढं शिशाचं डोकं तो दुकानातच ओतून आणायचा. त्या डोक्यात चापाची एक फिरकी बसवलेली. चाप दोरीत अडकवला की झालं; मग गळ पाण्यात कितीही गरगरला तरी दोरीला पीळ पडत नाही. घरी फक्त डोकं गॅसवर तापवायचं, पावडरीत बुडवायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. रंग असा चकचकीत बसायचा की बघत राहावं. पण मेला फिरकीच्या सांध्यातही बसायचा, आणि जिनं फिरायचं तीच हटून बसायची.

ओव्हन दिलशादचा. दर ईदला त्यात नानकटाई व्हायची. "शिसं गेलेल्या ओव्हनमदी आता खायचं काय करू नको, नवा आनतो," असं सलीमनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नवा अजून यायचाच होता.

बरं, माणूस मासे धरणारा म्हणावा, तर दोन वर्षांत त्यानं गळ पाण्यात टाकलेला नव्हता. कुणासाठी एवढं चाललंय विचारलं की "गिऱ्हाईक हाय" म्हणायचा. कोण गिऱ्हाईक? मग मिठाची गुळणी.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत दर रविवारी तो मेहुण्याबरोबर नदीवर असायचा. मेहुणा म्हणजे दिलशादचा धाकटा भाऊ, कोळवणचा वाजिद. जस्मीनच्या, म्हणजे यांच्या लेकीच्या साखरपुड्यात हा वाजिद भर पंगतीत म्हणाला, "दाजींच्या गेटाचा रंग म्हंजे येका पावसाचा!" पंगत हसली. सलीम भरल्या ताटावरून उठला, तो पुन्हा वाजिदच्या घराची पायरी चढला नाही. गेल्या साली वाजिदच्या अंगावरून वारं गेलं, तरी नाही. दिलशाद महिन्यातून एकदा एकटी जाऊन यायची आणि भावाची खबर गॅसकडे तोंड करून, शेगडीला सांगितल्यासारखी सांगायची. सलीम मान खाली घालून जेवायचा. नवरा आणि भाऊ यांच्या मध्ये तिचं पार भरीत झालं होतं.

"उद्या आठच्या यष्टीनं मी कोळवणला चाललीया," आज तिनं ठणकावून सांगितलं. "आल्यावर ह्यो पसारा हितं दिसला, तर समदा मुळा नदीत फेकीन."

"आठच्या?" सलीमचा चेहरा उतरला. "मंग आजच व्हायला पायजे."

त्यानं तेरावा गळ ओव्हनमधून काढला, गार केला. आणि ते रोजचं येडपट सोंग सुरू झालं. उजवा हात खिशात कोंबायचा आणि नुसत्या डाव्या हातानं चाप उघडून दोरीत अडकवायचा. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण याच्या साठीला अजून तीन वर्षं होती. गळ निसटला आणि थेट तिच्या पिठाच्या डब्यात पडला.

"अवो, अल्लानं दोन हात दिलेत ना? मंग वापरा की!" दिलशाद कडाडली.

"मला दिलेत!" सलीम तिच्याहून मोठ्यानं ओरडला. "त्याचा येकच चालतोय न्हवं!"

ओव्हन तेवढा टिकटिकत राहिला.

गेल्या महिन्यात शेगडीला सांगितलेलं दिलशादला आठवलं. वाजिद पुन्हा नदीवर जाऊन बसतोय, उजवा हात लुळाच हाय, दोरीला पीळ पडला की एका हातानं सुटत न्हाई, मग लहान पोरावानी रडतोय. सलीमनं तेव्हा मानही वर केली नव्हती. तिला त्याची भयंकर चीड आली होती. आताही आली. आठ दिवस सांगायला काय झालं होतं या माणसाला!

परातीतली कणीक तिनं चिमटीनं तोडली, पुढचा गळ उचलला आणि बिर्याणी दमाला लावताना झाकणाची कड बंद करते तसा फिरकीचा सांधा बंद करून टाकला. चौदावा गळ तापला, पावडरीत बुडाला, भाजून निघाला. गार झाल्यावर दिलशादनं कडक कणीक टिचकीनं पाडली, सांधा नळाखाली धरला आणि फुंकर मारली. फिरकी गरगर फिरली.

सलीम तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"येकदा इचारलं असतं तर जीभ झडली असती काय?" ती म्हणाली आणि पंधराव्याला कणीक लावायला बसली.

दुसऱ्या दिवशी सलीम तिची पिशवी घेऊन स्टँडवर आला. आजवर कधी आला नव्हता. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दहा नारिंगी गळ होते.

"तुमी बी चला की," खिडकीतून ती म्हणाली.

"दुकान हाय."

यष्टी हलली. सलीम दोन पावलं बरोबर चालला, मग चार, आणि एकदम पत्र्यावर थाप मारून ओरडला, "वाजिदला सांग, ह्यो रंग येका पावसाचा न्हाई! सुटलाच, तर हितं माज्या दारात यून दाखव म्हनावं!"