डिंकाचे डाग

चौथीच्या पालकांना सुलेखाबाईंनी ठणकावलं होतं, "मॉडेल पोरांनाच करू द्या. विकतचं आणलंत तर प्रदर्शनात ठेवणार नाही."

आज निम्म्या वर्गानं मॉडेलं जमा केली. तिरकी पवनचक्की, एका अंगाला कललेला ज्वालामुखी आणि जिकडंतिकडं डिंकाचे डाग. पोरं स्वतःच्या हातानं करायला लागली, म्हणून बाईंना भरून आलं.

ही गोष्ट सगळ्यात आधी नवऱ्याला सांगावी म्हणून त्या तडक गारखेड्यातल्या त्याच्या स्टेशनरीच्या दुकानात गेल्या. विश्वजीत पाठमोरा उभा राहून एका मुलाच्या आईला समजावत होता,



"सुलेखाच्या वर्गाला ना, ताई? मग हे वाकडं न्या. डिंक मीच सांडलाय. तिला कसलं आवडतं, ते नवऱ्याला ठाऊक नाय व्हय!"