नवरीच्या गाडीचा दांडा

नयनच्या लग्नाचं साल. मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले, त्याच सकाळी तिचे आजोबा धाकूबाबा जुनी गाडी घेऊन ठाकुर्लीला साईनाथच्या गॅरेजवर आले.

"वळणावर गाडी झोकांडी खाते रं. खालचा दांडा बदल. जाडा घाल."

साईनाथ गाडीखाली सरकला. दोन चाकांना जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर बार, त्याने हलवून पाहिला.

"बाबा, हा ठणठणीत आहे. कधीपासून डोलते?"

"आधी कधी नाय. हल्लीच."

"मग बारचा दोष नसेल."

"मना नको शिकवू. गाडी चालवतं कोण, मी का तू?"

डाव्या दारावर ताजे ओरखडे होते. म्हातारा आपणहून म्हणाला, "डोलली, गेली खांबाला."

घरात यावरूनच वाजलं होतं. यंदाच उरकायचं म्हणून लग्न घाईने काढलेलं. त्यात धाकूबाबांचा मुलगा भाऊ म्हणाला, "वरातीला ड्रायव्हर येईल. तुम्ही चावी खाली ठेवा." पण नयन पाळण्यात असतानाच धाकूबाबांनी शब्द दिला होता, तुला सासरी मीच सोडणार. सासर टिटवाळ्याचं. गाडी नीट चालते हे आज दाखवलं नाही, तर शब्द जाणार होता.

दुपारी जाड बार बसला. साईनाथ गाडीत धाकूबाबांच्या शेजारी येऊन बसला.

"चला, एक फेरी मारू. मग मीच भाऊला फोन करतो."

"कर. म्हणावं, खोट गाडीत होती."

पहिल्या वळणावर गाडी रस्त्याला चिकटून वळली. साईनाथने मांडीवर थाप मारली. "बघा! नवरीच्या ओटीतला नारळ हलायचा नाही."

म्हातारा हसला नाही. पुढे रस्ता सरळ होता, तरी गाडी हळूहळू उजवीकडे सरकत गेली. समोरून टेम्पो हॉर्न वाजवत आला. साईनाथने स्टिअरिंग खेचलं. गाडी कडेला जाऊन थांबली.

"बाबा! एवढा टेम्पो दिसला नाही?"

धाकूबाबांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

"मना नुसता धूर दिसतो," ते हळूच म्हणाले. "तू गप बसू नको रं. डावीकडं घ्या, टेम्पो आला, असं बोलत राहा. ती बोलायची."

त्यांची बायको आवडाबाई यंदा माघी पौर्णिमेला वारली होती.