उन्हाचा फोटो

आतल्या खोलीच्या भिंतीवर पडलेल्या उन्हाचा तो फोटो सुनेनेच काढला होता. नुसतं ऊनच ते, कसंही टांगा!

"उभा नको गं, सोफ्यावर आडवाच शोभेल," सासूबाईंनी फर्मान काढलं.

सुनेने फ्रेम आडवी धरली. आतल्या खोलीत खुट्ट झालं.

"तुझा नवरा हातोडी आणायला गेला तो तिथलाच झाला. बघ जरा!"

फ्रेम तशीच छातीशी धरून तिने दार ढकललं.

पलंग, कपाट, टेबल, सगळं डाव्या भिंतीवर नीट मांडलेलं होतं. टेबलावरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा सांडलं नव्हतं. त्याच भिंतीवर पाय टेकून नवरा उभा होता.

तिला पाहताच त्याच्या हातातली हातोडी गळून भिंतीवर पडली.

"अगं, तू अशी आडवी कशी उभी आहेस?"