काचेतली गोधडी

कुमुद गेल्यावर शंतनूने आईचं कपाट रिकामं केलं.

"गोधडी तेवढी राहू दे रे," भास्करराव म्हणाले.

"बाबा, नुसत्या चिंध्या आहेत. तुम्हाला मस्त कम्फर्टर आणतो." त्याने ती चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या गावाने, तिथे पहिल्यांदा वस्ती केलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या आठवणीसाठी प्रदर्शन भरवलं. बाबांचं मन रमेल म्हणून शंतनू त्यांना घेऊन गेला. नांगर, घोडागाडी बघत बघत भास्करराव एका काचेच्या पेटीपाशी थबकले. आत गोधडी होती. मधोमध त्यांच्याच खाकी शर्टाचा तुकडा, भोवती कुमुदच्या निळ्या साड्यांचे. कोपऱ्यात त्यांच्या विडीने पडलेलं भोक आणि त्यावर तिने रागारागाने लावलेलं लाल ठिगळ.

त्यांचा हात काचेकडे गेला.

"सर, प्लीज, हात लावू नका," तिथली बाई हसून म्हणाली.

शंतनूने पाटी वाचली. 'मेनोनाइट स्त्रीचं हातकाम. नाव अज्ञात.'



"बघा बाबा, किती जपून ठेवलंय या लोकांनी! आपल्याकडे कुणाला किंमत असते का असल्या गोष्टींची?"