शून्याचं टोक

जुनी बैठी घरं मोजायचं काम आम्ही नवरा-बायको जोडीनं करायचो. टेपचं शून्याचं टोक ती भिंतीला धरायची. मी आकडा लिहून "सोड" म्हणेपर्यंत ती टोक सोडायची नाही; फार तर टेपला हिसके देत कुरकुरायची, "लिहा की लवकर, हात भरून आला!"

ती गेल्यापासून मी खिळा ठोकून टोक त्याला अडकवतो.

आज एका रिकाम्या घरात टेप उलगडत मागच्या खोलीत आलो. टेप ताठ झाला. आकडा लिहिला. पेन्सिल खिशात ठेवताना बोटाला खिळा टोचला. ठोकायचा राहूनच गेला होता.

बराच वेळ झाला. टेपला आता हलके हिसके बसताहेत. तिचा हात भरून आला असेल, पण माझ्या तोंडून तो एक शब्द निघत नाही.